नेक्स्ट दाबण्याच्या आधी

नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायला किती वेळ लागतो, असं एखाद्या प्राचार्यांनी विचारलं की माझी पंचाईत होते. खरं उत्तर अर्धा तास असं आहे. सर्व्हरवर मोजक्या आज्ञा द्यायच्या, पडद्यावर नेक्स्ट, नेक्स्ट करत जायचं, पासवर्ड ठरवायचा आणि ब्राउझर उघडून लॉगिन करायचं. पण अर्धा तास म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुम्ही मे महिन्याची सगळी सुट्टी कशाला मागायलात?"

मी नांदेडचा. कॉलेजं, पतसंस्था, दवाखाने यांच्याकडे तारा ओढायच्या, संगणक एकमेकांना जोडायचे आणि जोडलेले तुटले की फोन आल्याबरोबर निघायचं, हा माझा धंदा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचा रस्ता मला पाठ आहे. कुठल्या धाब्यावर चहा उकळून कडू झालेला असतो तेही. दोन शहरांमध्ये दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर, पण धंद्याच्या दृष्टीने त्यांची तोंडं दोन दिशांना आहेत. नांदेडचा संगणकवाला सामानासाठी सिकंदराबादची गाडी पकडतो आणि पार्कलेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये शिरतो. लातूरचा पुण्याला फोन लावतो. एकाच संस्थेच्या दोन कॉलेजांत एकाच वर्षी घेतलेले संगणक उघडून पाहिले तर आत दोन वेगळ्या बाजारांचा माल निघतो.

अशाच एका संस्थेचं हे काम. एक कॉलेज नांदेडला, दुसरं लातूरला, दोन्ही स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनी सुरू झालं. त्याआधी आमच्या भागातल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे औरंगाबादला जायचे. आता परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीची महाडीबीटी, गुणपत्रकं, सगळं तारेवरून चालतं, आणि तार तुटली की सगळं थांबतं. त्यात नॅकची टीम येणार होती. प्राचार्यांच्या खोलीत एक मोठा पडदा लावायचा, त्यावर दोन्ही कॉलेजांतले संगणक हिरव्या ठिपक्यांनी दिसायचे आणि एखादा बंद पडला की ठिपका लाल व्हायचा, असं संस्थेच्या मनात होतं. कल्पना वाईट नव्हती. मी झॅबिक्स सुचवलं. लाटव्हियातल्या रीगा शहरातल्या अलेक्सेई व्लादिशेव्ह यांनी १९९८ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. परवान्याचा पैसा लागत नाही, हे मी बैठकीत सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, पण त्या वाक्यानंतर सगळं कामच फुकटात होणार आहे अशी समजूत त्या खोलीत पसरली, ती शेवटपर्यंत गेली नाही.

पहिलं काम मोजणीचं. सर्व्हरला सांगावं लागतं की कुणाकुणावर लक्ष ठेवायचं. म्हणजे आपल्याला आधी ते माहीत पाहिजे. ऑफिसात डेडस्टॉक रजिस्टर मागितलं. लाल कापडी पाठीचं, कोपरे झिजलेलं, पानापानावर सही-शिक्का. त्यात संगणक होते तेवढे जमिनीवर नव्हते, आणि जमिनीवर होते त्यातले काही रजिस्टरमध्ये नव्हते. यूजीसीच्या अकराव्या योजनेतल्या अनुदानातून घेतलेले संगणक कधीच मेलेले, पण निर्लेखन समितीची बैठक न झाल्यामुळे कागदावर अजून धडधाकट. उलट कुणा माजी विद्यार्थ्याने दिलेले तीन चांगले संगणक ग्रंथालयात रोज वापरात, पण त्यांची नोंद करायची कुणी, देणगी की खरेदी, या वादात ते अजून अनाथ. एका संगणकापुढे 'संस्था कार्यालय' असं लिहिलं होतं. संस्थेच्या कार्यालयात चौकशी केली, तर तिथल्या कारकुनाने नुसतं वर बघून हसून घेतलं. मी पुढे विचारलं नाही.

रजिस्टरपेक्षा खरी माहिती निघाली ती शिपाईमामांकडे. किल्ल्यांचा जुडगा घेऊन मामा पुढे, वही घेऊन मी मागे. "हे कोपऱ्यातलं चालू हाय सर, पन बटन दोनदा दाबावं लागतंय. हे पलीकडचं उन्हाळ्यात बंद पडतंय, हिवाळ्यात चालतंय. अन हे पंखा वाजला की थांबवायचं, न्हाई तर जळतंय." कुठल्याही सॉफ्टवेअरने इतका नेमका अहवाल दिला नसता. जनगणनेत माणसं मोजायच्या आधी घरयादी करतात, दारावर गेरूने आकडा टाकतात, तशी आमची घरयादी मामांच्या जिवावर झाली. मी फक्त प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून नंबर लिहीत गेलो. फेरी संपली तेव्हा रजिस्टर आणि माझी वही यांच्यात बरंच अंतर पडलं होतं. प्राचार्यांपुढे दोन्ही ठेवली. नॅकच्या फॉर्मात विद्यार्थी-संगणक गुणोत्तर भरायचं असतं, त्यामुळे मोठा आकडा त्यांना प्रिय. "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये रजिस्टरवाला आकडा येणार नाही का?" असं त्यांनी अगदी सरळपणे विचारलं. येणार नाही. जो संगणक नाही त्याचा ठिपका लालच राहणार, आणि तोही त्यांच्याच खोलीतल्या पडद्यावर, पाहुण्यांसमोर. दुसऱ्याच आठवड्यात निर्लेखन समितीची बैठक लागली. कैक वर्षं रखडलेलं काम एका लाल ठिपक्याच्या भीतीने झालं, आणि माझ्या मते त्या सॉफ्टवेअरने दिलेलं सगळ्यात मोठं फळ हेच. ते तर अजून बसवायचं होतं.

मग वीज. इथे मला जरा थांबावंच लागेल, कारण शहरातल्या पुस्तकी माणसाला हे सांगूनही पटत नाही.

आमच्याकडे संगणक बिघडण्याचं मूळ पुष्कळदा जमिनीत असतं. अर्थिंग म्हणजे इमारतीमागे खोल खड्डा, त्यात तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. मीठ-कोळशाला ओल लागते. ओल असली की फाजील वीज जमिनीत उतरते. आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती चिकट, ओली, विजेला उत्तम वाट देणारी. पण चैत्र-वैशाखात ती आक्रसते, हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात आणि पट्टीभोवतीची माती पट्टीला सोडून बाजूला होते. कागदावर अर्थिंग असतं, प्रत्यक्षात ती पट्टी हवेत उभी असते. लातूरच्या लॅबमध्ये मी प्लगात मीटरची टोकं घातली. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये; तिथे काटा पंधराच्या पुढे. संगणकाच्या डब्याला हात लावला की मुलांना झिणझिण्या येत होत्या आणि मुलं ते गंमत म्हणून एकमेकांना दाखवत होती. नेटवर्क कार्डं अधूनमधून मरत होती. त्याबद्दल कंपनीला शिव्या घालून झाल्या होत्या.

उपाय सोपा आणि जुना: खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, उन्हाळाभर, नेमाने. आता सोपा वाटतो. पण लातूरला हे वाक्य उच्चारताना मला २०१६ आठवतं. त्या वर्षी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावायची वेळ आली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली जलदूत गाडी आली, दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. त्या दिवसांत एका कॉलेजात असंच काम होतं. ज्या गावात पिण्याचं पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून रुळांवरून येतं, तिथल्या शिपायाला 'मातीत पाणी ओता' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? शेवटी हात धुण्याच्या बेसिनचा निचऱ्याचा पाइप वळवून तो खड्ड्यात सोडला. चाललं. या वेळी पाणी होतं, पण मी तीच युक्ती पुन्हा केली, कारण बादली ओतायचं मामा दोन वर्षांनी विसरले तरी मुलं हात धुवायचं विसरणार नाहीत. रासायनिक अर्थिंगचं कोटेशनही दिलं. ते फायलीत आहे.

वळवाची वीज हा दुसरा शत्रू. मेच्या शेवटी दुपारी चारला ढग चढतात, पहिला कडकडाट होतो आणि स्विचची दोन-तीन तोंडं कायमची मुकी होतात. लांबच्या इमारतीपर्यंत तांब्याची तार उघड्यावरून ओढलेली असेल तर हमखास. तिथे फायबर घातली. तारेची लांबी शंभर मीटरच्या आत, आठ तारांचा रंगक्रम दोन्ही टोकांना एकच, उंदीर लागतील तिथे लोखंडी पाइप: हे सगळं माहितीचं, त्यात विशेष काही नाही.

विशेष आहे ते पत्त्यांचं. बाजारातला बहुतेक राउटर डब्यातून बाहेर येतो तो १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या शेजारचाच पत्ता घेऊन. नांदेडला ज्याने तो लावला त्याने तसाच ठेवला, लातूरला ज्याने लावला त्यानेही. परिणाम असा की दोन्ही कॉलेजांत १९२.१६८.१.२५ या पत्त्याचा एक-एक संगणक. वेगवेगळे होते तोवर कुणाला त्रास नव्हता. दोन्ही गावं एका बंद वाटेने जोडली की सर्व्हरने २५ नंबरला हाक मारली तर ओ देणार कोण? तेव्हा एका गावाचे पत्ते बदलणं भाग होतं. कुठल्या? दोन्हीकडच्या लोकांनी आपलं गाव सोडून दुसऱ्याचं नाव घेतलं. मी लातूरचे बदलायचं ठरवलं, केवळ तिथे संगणक कमी म्हणून. तरी 'नांदेडवाल्यांचंच ऐकलं' हे मला बरेच दिवस ऐकावं लागलं.

पत्ता बदलला की काय काय हलतं ते ऑफिसात कळतं. शिष्यवृत्तीच्या टेबलावरचा प्रिंटर जुन्या पत्त्यावर कागद धाडत राहतो. फीचा हिशोब ज्या संगणकावर आहे, त्याला बाकीचे शोधत बसतात. लातूरच्या ओएस साहेबांनी, म्हणजे कार्यालय अधीक्षकांनी, मला दारातच अडवलं. "काय करूलालाव तुम्ही? महाडीबीटीची तारीख जवळ आली, माझा प्रिंटर हलला तर मी कुणाला धरू?" ते बरोबर बोलत होते. त्यांचं टेबल शेवटी घेतलं, शनिवारी संध्याकाळी, आणि सोमवारी सकाळी त्यांच्या आधी जाऊन एक कागद छापून त्यांच्या काचेखाली ठेवला. त्यानंतर त्यांनी अडवलं नाही, उलट दुसऱ्या टेबलांची वकिली करायला लागले.

नावांचीही तीच कथा. कुणीतरी एका संगणकावर सगळं नीट बसवलं आणि त्याची नक्कल बाकीच्या सगळ्यांवर उतरवली. वेळ वाचला, पण अख्खी लॅब एकाच नावाची झाली. पाहणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे तीस जुळे भाऊ दिसत नाहीत. तासातासाला बदलणारा एकच वेडा संगणक दिसतो. म्हणून प्रत्येकाला गाव, खोली आणि डब्यावरचा नंबर मिळून नवं नाव. विभागप्रमुखांना संगणकांना विभागाचं नाव हवं होतं. विभाग खोल्या बदलतात, भिंती जागच्या जागी राहतात, एवढंच सांगून मी ते टाळलं.

घड्याळांकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. तो संपला की वीज गेल्यावर संगणक आपली तारीख विसरतो आणि सुरू होताना कारखान्यातून निघाला त्या वर्षात जागा होतो. नांदेडच्या दुसऱ्या लॅबमध्ये एका ओळीत कुणी २००९ मध्ये, कुणी २०१२ मध्ये, एकजण थेट २००२ मध्ये. मुलं रोज तारीख दुरुस्त करून कामाला लागायची, नाही तर सुरक्षित संकेतस्थळं उघडतच नाहीत, प्रमाणपत्र चुकीचं आहे म्हणतात. नेटवर्क सांभाळायचं म्हणजे कोण केव्हा पडला याची नोंद ठेवायची. ज्याचं 'केव्हा'च खोटं, त्याच्या साक्षीचा उपयोग काय? शेकड्याने सेल आणले, मुलांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिले, आणि एका दुपारी सगळ्या लॅबचे सेल बदलून झाले. पुढे सगळ्यांनी आमच्या सर्व्हरला वेळ विचारायची आणि सर्व्हरने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेला. भारतीय प्रमाणवेळ तिथेच राखली जाते. संगणकांनी आपसांत वेळ जुळवून घ्यायची रीत अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास बसवून दिली. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली, तरी काम थांबलं नाही. २०२४ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा आमच्या धंद्यातल्या एका गटावर मी दोन ओळी लिहिल्या. एकाने विचारलं, कोण हे?

क्लायंट संगणकांवर एक छोटा कार्यक्रम बसवावा लागतो, एजंट म्हणतात त्याला. तो १००५० क्रमांकाच्या दारावर बसतो. सर्व्हरने विचारलं की डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, केव्हापासून चालू आहे, एवढं सांगतो. बसवायला मिनिट लागत नाही. पण विंडोजची स्वतःची तटबंदी अनोळखी हाकेला ओ देत नाही. पिंग केलं तर चालू असलेली अख्खी लॅब मेल्यासारखी गप्प. ते दार मोजून-मापून उघडायचं, फक्त आपल्या सर्व्हरपुरतं. अँटिव्हायरसला ओळख करून द्यायची. आणि लॅबमध्ये ते गोठवून ठेवणारं सॉफ्टवेअर असलं, ज्याच्या कृपेने मुलांनी काहीही उद्योग केले तरी संगणक पुन्हा सुरू झाला की पहिल्यासारखा होतो, तर त्यालाही आधी वितळवायचं. नाही तर दिवसभर बसवलेले सगळे एजंट दुसऱ्या दिवशी सकाळी पुसलेले. वितळवायचा पासवर्ड ज्या लॅब असिस्टंटकडे होता, तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला. फोन लागला, त्यानेही आठवून सांगितला. मामांच्या मुलीच्या नावातच तो होता.

विंडोज ७ वर अडकलेले काही संगणक निघाले. त्यांचा सांभाळ कंपनीने १४ जानेवारी २०२० लाच सोडलाय, आणि विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला. काहींवर लिनक्स घातलं. प्रयोगशाळेतल्या उपकरणाशी बांधलेल्या दोघांना इंटरनेटपासून तोडून वेगळं ठेवलं. आणखी एक दुःख स्विचचं. स्वस्तातला स्विच तारा जोडतो, पण स्वतःबद्दल बोलत नाही. त्याला एसएनएमपी ही विचारपूस करायची भाषाच येत नाही. १९८८ पासूनची भाषा आहे ही. ज्यांना ती येते, त्यांचा परवलीचा शब्द कारखान्यातून 'पब्लिक' असा येतो आणि आपल्याकडे तो तसाच राहतो. मी तो बदलला, बदललेला लिहून सीलबंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात ठेवला. माझ्या मोबाइलमध्ये नाही. उद्या मी लोह्याच्या घाटात पडलो तर कॉलेज अडायला नको.

मग लातूरच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी तो प्रश्न आला, ज्याची मी वाट पाहत होतो. "म्हणजे आम्ही काय बघतो, किती वेळ बघतो, ते आता नांदेडला दिसणार?" विचारणाऱ्या मॅडम हसत होत्या, बाकीचे नव्हते. मी सांगितलं ते सगळं एका पानावर मराठीत लिहूनही काढलं आणि दोन्ही कॉलेजांत लॅबच्या दाराला लावलं: हा एजंट काय सांगतो, काय सांगत नाही, नोंदी किती दिवस राहतात, कोण बघू शकतो. पान लावल्यावर संस्थेकडून हळूच विचारणा झाली की ते दुसरंही, म्हणजे कोण काय उघडतं ते, दिसायची सोय होईल का. होते. मी केली नाही. लेखी मागा, कर्मचाऱ्यांना लेखी कळवा, २०२३ चा विदा संरक्षणाचा कायदा वकिलाकडून वाचून घ्या, मग बोलू, असं म्हटलं. परत कुणी बोललं नाही. लोकांना न सांगता त्यांच्या संगणकात बसवलेली कुठलीही गोष्ट मी पूर्वतयारीत धरत नाही. ती दुसऱ्या धंद्यात मोडते.

सर्व्हर नांदेडला ठेवला. संस्थेने जिन्याखालची खोली दाखवली, जिच्यात जुनी बाकं आणि एक मोडका पंखा होता. नांदेडच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसवर असताना, जिन्याखाली यंत्र चोवीस तास चालवायचं म्हणजे त्याला भट्टीत घालणं. भांडून ग्रंथालयाच्या उत्तरेची खोली मिळवली. डिस्क दोन, एकीत लिहिलेलं दुसरीत आपोआप. किती मोठ्या, हेही आधी मोजून. शंभर संगणक, प्रत्येकाबद्दल तीस गोष्टी, मिनिटाला एकदा विचारल्या तर सेकंदाला पन्नास नोंदी होतात. नोंदीला साधारण ९० बाइट धरले तर महिन्याला अकरा-बारा जीबी. वर्षभराचा कच्चा माल साठवायची हौस असेल तर आताच सांगा, असं म्हटल्यावर हौस एका महिन्यावर आली.

लातूरला एक छोटा संगणक मध्यस्थ म्हणून ठेवला, प्रॉक्सी. तो तिथल्या नोंदी गोळा करतो आणि नांदेडला पाठवतो. वाट तुटली तर साठवून ठेवतो, जुळली की पाठवतो. किती वेळ साठवायचं, तर मूळ मांडणीत एक तास. एका तासात तुटलेली तार जोडली जाते असं रीगाच्या लोकांना वाटत असावं. आमच्याकडे रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने फायबर उचकटली की ती कुठे तुटली हे कळायलाच दुपार होते. बहात्तर तास केले. या मध्यस्थाचं कपाट पहिल्या मजल्यावर, भिंतीत उंचावर बसवायचं ठरलं होतं. ओएस साहेबांनी विरोध केला. ते मूळचे औसा तालुक्यातले. भूकंपाचं किल्लारी त्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी काय झालं ते त्यांना विचारावं लागत नाही. "जड वस्तू वर ठेवायची न्हाई," एवढंच म्हणाले. कपाट तळमजल्यावर, चार बोल्टांनी जमिनीला आवळलं. नांदेडच्या नोंदींची प्रत लातूरला आणि लातूरच्या नोंदींची नांदेडला रोज रात्री जाते, तीही त्याच बोलण्यानंतर ठरलेली.

आणि मग एक दिवस नेक्स्ट दाबलं. अर्धा तासही लागला नाही. ठिपके एकेक करून हिरवे झाले, प्राचार्यांनी टाळी वाजवली, पेढे आले. पहिल्याच आठवड्यात पडद्याने एक गोष्ट दाखवली: लातूरची दुसरी लॅब रोज दुपारी दीडला अख्खी लाल होते आणि सव्वादोनला हिरवी. वीज, स्विच, यूपीएस, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. निघालं असं की जेवायला जाताना तिथले मामा मेन स्विच पाडतात. वीजबिल वाचवा, असं परिपत्रक आलं होतं आणि ते पाळणारे तेच एकटे. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बिल दिलं तेव्हा लेखाविभागात अडलं. सॉफ्टवेअर फुकट, बसवणं अर्धा तास, मग ही बाकीची रक्कम कुठल्या शीर्षाखाली टाकायची? सेल, अर्थिंग, नावं, पत्ते यांना शीर्ष नव्हतं. शेवटी ते 'किरकोळ दुरुस्ती' मध्ये गेलं. पैसे मिळाले, तक्रार नाही. पण प्राचार्य आणि संस्थाचालक मंडळींना एक विनंती आहे. पुढचं कोटेशन मागवाल, मग ते सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर असो की साध्या लेटरहेडवर, तेव्हा 'इन्स्टॉलेशन' च्या वर एक वेगळी ओळ लिहा: पूर्वतयारी. त्याखाली मोजणी, अर्थिंग, पत्ते, घड्याळं आणि कर्मचाऱ्यांना माहिती एवढं लिहा, सुट्टीतले दिवस त्यासाठी राखून ठेवा, आणि समोरचा रकमेचा रकाना कोरा सोडू नका.